घरातल्या इंटरनेटचा वेग वाढवण्याच्या युक्त्या: यांतल्या खऱ्या किती?

प्रश्न: पानोपानी, बांदोडे (फोंडा)

नमस्कार. मी घरी बसून पुस्तकांची पृष्ठरचना करते. बरेचसे काम इंग्लंडमधल्या एका ग्राहकाचे असल्यामुळे चित्रांच्या पाचशे-सहाशे एमबीच्या फाइली मला रोज तिकडच्या सर्व्हरवरून उतरवून घ्याव्या लागतात. घरात १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. राउटर वसरीत, लोखंडी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला आहे आणि माझी कामाची खोली राजांगणाच्या पलीकडे आहे. मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती येतात, आणि जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या भिंती किती रुंद असतात ते इथल्या लोकांना सांगायला नको.

चवथीला आलेल्या भाच्याने "मावशी, तुझे नेट मी दुप्पट करून देतो" असे म्हणून दोन तास माझा लॅपटॉप ताब्यात घेतला. विंडोज आपल्यासाठी २० टक्के बँडविड्थ राखून ठेवते, ती त्याने म्हणे सोडवून घेतली. डीएनएस (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी सेवा) ८.८.८.८ केला, आयपीव्ही ६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बंद केले, काळ्या खिडकीत एका व्हिडिओत पाहून चार-पाच आज्ञा दिल्या आणि वर एक "बूस्टर" बसवून दिला. चवथीनंतरचा माझा अनुभव असा आहे की इंग्लंडच्या फाइली पूर्वी बऱ्यापैकी वेगाने येत असत, त्या आता सेकंदाला ४२० ते ४४० केबींवर अडकून बसतात. लॅपटॉप वसरीत नेऊन राउटरला केबलने जोडला तरी आकडा हलत नाही, आणि त्याच केबलवर स्पीड टेस्ट मात्र ९४ दाखवते. इथल्याच एका संकेतस्थळावरून काही उतरवले तर ११ हा आकडा दिसतो. म्हणजे शंभरांतले अकराच मिळतात की काय, हेही कळत नाही. कामाच्या खोलीत वायफायवर टेस्ट १२ ते १५ च्या वर जात नाही. शिवाय संध्याकाळी सात-साडेसातला ग्राहकाशी बोलताना माझा आवाज तुटतो.

जोडणी देणाऱ्यांचा माणूस म्हणतो की ३०० ची योजना घ्या, सगळे सुटेल. पैसे खर्च करण्याआधी मला जाणून घ्यायचे आहे की या युक्त्यांपैकी कोणती खरी आहे आणि कोणती नुसती ऐकीव आहे.

उत्तर: दुरुस्तीवाला, म्हापसा

ताई, २० टक्क्यांची कथा मी विंडोज एक्सपीच्या काळापासून ऐकतो आहे. एक्सपी २००१ साली आली. तिच्या ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगच्या खिडकीत "लिमिट रिझर्व्हेबल बँडविड्थ" अशी एक नोंद होती आणि तिथे २० हा आकडा होता. कोणीतरी तो वाचला आणि आपल्या जोडणीचा पाचवा हिस्सा मायक्रोसॉफ्ट खाते अशी समजूत जगभर पसरली. वास्तविक तो आकडा एवढेच सांगतो की एखाद्या प्रोग्रामने स्वतःहून प्राधान्य मागितले तर अशा मागणाऱ्यांसाठी जास्तीत जास्त किती राखावे. कोणी मागितलेच नाही तर शंभर टक्के सगळ्यांना मोकळे असतात, आणि ज्याने मागितले तो त्या क्षणी काही पाठवत नसेल तर त्याचा वाटाही इतरांना मिळतो. हे मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्याच काळात लेखी स्पष्ट केले होते. कदंबच्या बसमधल्या राखीव आसनावर हक्क सांगणारे कोणी चढले नाही, तर ते रिकामे ठेवून बस धावत नाही, तसाच हा प्रकार आहे. शिवाय ही सगळी व्यवस्था संगणकातून बाहेर जाणाऱ्या माहितीपुरती आहे, त्यामुळे फाइल उतरवण्याशी तिचा संबंधच येत नाही.

विंडोजच्या होम आवृत्तीत ही खिडकी मुळात नसते. व्हिडिओवाले ती बसवण्यासाठी कुठली तरी बॅच फाइल उतरवायला सांगतात आणि माझ्या दुकानात येणारे अर्धे दुखणे त्या फाइलींतून आलेले असते. मागे एका शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, पेडण्याहून एक गृहस्थ संगणक घेऊन आले. त्यात तीन बूस्टर एकाच वेळी चालू होते आणि तिघेही एकमेकांना "वेग कमी करणारा अनावश्यक प्रोग्राम" ठरवून बंद करायला पाहत होते. बूस्टर करतो काय, तर रॅम रिकामी करतो आणि ब्राउझरची साठवण पुसतो. ती साठवण असते कशासाठी? एकदा पाहिलेले चित्र पुन्हा उतरवावे लागू नये म्हणून. ती रोज पुसली तर तेच चित्र रोज नव्याने येते, म्हणजे काम वाढते. तो बूस्टर आधी काढून टाका.

या युक्त्या कुणी निव्वळ थापा म्हणून रचल्या नव्हत्या, हे मात्र सांगायला हवे. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने २००४ साली अर्धवट राहिलेल्या जोडण्यांवर १० ची मर्यादा घातली होती, ती संगणकी किड्यांचा (आपोआप पसरणाऱ्या व्हायरसांचा) फैलाव मंदावा म्हणून. तेव्हा एक सिस्टिम फाइल बदलून ती मर्यादा उठवणारे कितीतरी जण होते आणि टॉरेंटवाल्यांना त्याचा थोडा उपयोगही होत असे. त्याच २००४ साली आपल्या देशात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून ती व्याख्या किमान २ एमबीपीएसची झाली आहे. औषध त्या वेळच्या रोगाचे होते, रोग गेला आणि चिठ्ठी तेवढी हातोहात फिरत राहिली.

उत्तर: आकडेमोड, पणजी

मी एका कार्यालयाचे नेटवर्क सांभाळतो. आधी सोपा भाग मिटवतो. योजना बिटांत सांगितली जाते आणि फाइल उतरताना दिसणारा आकडा बाइटांत असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. तुम्हाला ११ दिसतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण वेग मिळतो आहे. ९४ चा आकडाही अगदी निरोगी आहे, त्यावर शेवटी पुन्हा येतो.

आता ४३० केबींचे कोडे. हा आकडा वाचून मी थबकलो, कारण तो फार ओळखीचा आहे. टीसीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवर फाइली पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, पाठवणारा सर्व्हर एका मर्यादेपर्यंतच माहिती पुढे रेटतो, मग "पोचली" असा निरोप येईपर्यंत थांबतो. ही मर्यादा घेणारा संगणक ठरवतो आणि तिला विंडो म्हणतात. मूळ रचनेत ती ६५,५३५ बाइटांच्या पुढे जाऊ शकत नसे. ती वाढवण्याची सोय १९९२ मध्ये प्रमाणित झाली. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, पण समुद्राखालच्या केबलचा वळसा धरला तर इथून इंग्लंडला निरोप जाऊन परत येईपर्यंत साधारण १५० मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदात सहा-सात फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला ६५,५३५ बाइट. गुणाकार करून पाहा: सेकंदाला ४३७ केबी. तुमच्या लॅपटॉपवर विंडो वाढण्याची सोय कोणीतरी बंद केली आहे, आणि ते भाच्याच्या काळ्या खिडकीतच झाले असणार.

हीसुद्धा एक जुनी चिठ्ठी आहे. एक्सपीमध्ये विंडो आपोआप पुरेशी वाढत नसे, म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, हाताने मोठा आकडा घालण्यात खरोखर अर्थ होता. २००७ साली सर्वांच्या हाती आलेल्या व्हिस्टापासून विंडोज ती स्वतःच जुळवून घेते. याला ऑटोट्यूनिंग म्हणतात. त्या काळातले काही जुने राउटर या नव्या पद्धतीने गोंधळत आणि पाने अर्धवट उघडत, म्हणून "ऑटोट्यूनिंग बंद करा" हा सल्ला निघाला. ते राउटर कधीच भंगारात गेले, पण सल्ला आजही "वेग दुप्पट" अशा मथळ्याखाली फिरतो. स्पीड टेस्टमध्ये हा बिघाड दिसत नाही, कारण टेस्टचा सर्व्हर जवळचा असतो, निरोप दहा-पंधरा मिलिसेकंदांत परत येतो आणि टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. एका जोडणीने दूरवरून मोठी फाइल आणणाऱ्या तुमच्यासारख्यांनाच तो जाणवतो.

कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडा आणि रोमन अक्षरांत "नेटश इंटरफेस टीसीपी शो ग्लोबल" ही आज्ञा द्या. ऑटोट्यूनिंगच्या ओळीत "डिसेबल्ड" दिसले तर "नेटश इंटरफेस टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल" ही आज्ञा द्या आणि तीच फाइल पुन्हा उतरवून पाहा.

डीएनएसबद्दल: ते बदलल्याने फाइल उतरण्याचा वेग वाढत नाही. गावात नवा आलेला माणूस तिठ्यावरच्या दुकानात "अमक्याचे घर कुठे" असे विचारतो, तेवढेच डीएनएसचे काम. उत्तर लवकर मिळाले तर निघायला उशीर होत नाही, पण पुढची वाट चालायला तेवढाच वेळ लागतो. ८.८.८.८ ही गूगलची सेवा २००९ पासून आहे आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही २०१८ पासून; दोन्ही चांगल्या आहेत, त्यामुळे आहे ते राहू द्या. आयपीव्ही ६ मात्र पुन्हा चालू करा. भारतात पुष्कळ ठिकाणी आयपीव्ही ४ चा एकच पत्ता अनेक घरांत वाटून दिलेला असतो आणि आयपीव्ही ६ ने ती मधली वाटणी टळते. ते बंद करून वेग वाढण्याचे काही कारण नाही.

उत्तर: सासष्टीकर, मडगाव

डीएनएसच्या मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे महिनाभर प्रत्येक पान उघडण्याआधी चार-पाच सेकंद नुसते पांढरे दिसत असे आणि एकदा उघडले की भराभर चाले. डीएनएस बदलल्याबरोबर ते थांबले. तेव्हा ही युक्ती सरसकट खोटी म्हणू नये.

उत्तर: आकडेमोड, पणजी

सासष्टीकर, तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. तिठ्यावरचा दुकानदारच झोपलेला असेल तर दुसऱ्याला विचारावे. तुमच्या सेवादात्याचा डीएनएस सर्व्हर त्या महिन्यात आजारी होता आणि पान उघडण्यापूर्वी लागणारा वेळ ही त्याची खूण होती. ताईंच्या बाबतीत पान लगेच उघडते आणि फाइल रेंगाळते, म्हणून तिथे हे औषध चालणार नाही.

उत्तर: काचेची तार, डिचोली

मी फायबर जोडण्याचे काम करतो, तेव्हा माझ्या बाजूचे सांगतो. ताई, तुमची केबल टेस्ट ९४ दाखवते म्हणजे खांबापासून राउटरपर्यंत सगळे ठीक आहे. पावसात काचेत पाणी शिरून नेट मंद होते असे पुष्कळ जण म्हणतात, पण पाण्याने काचेतला प्रकाश मंदावत नाही. पावसात होते ते असे: माडाचे चुडत तारेवर पडून ती ताणली जाते, जोडाच्या डबीत पाणी जाऊन जोड बिघडतो किंवा पुढच्या पेटीची वीज जाते. घरातही तार कपाटामागे काटकोनात दाबली गेली तर प्रकाश वळणावरच गळतो. राउटरच्या पानावर "आरएक्स पॉवर" नावाचा आकडा असतो, म्हणजे राउटरपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. साध्या जीपॉन जोडणीत (एका मुख्य तारेतून अनेक घरांना फायबर वाटण्याची पद्धत) तो उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये असावा. उणे २७ च्या पलीकडे गेला की चुका वाढतात, तुकडे पुन्हा पाठवावे लागतात आणि राउटरवर लाल दिवा लागायची वेळ येते. उणे १९ चा उणे १५ केला म्हणून मात्र वेग वाढत नाही, हेही लक्षात असू द्या. काही ग्राहक त्यासाठी आमच्या मागे लागतात.

एक गोष्ट मात्र खरी आहे आणि तिला कोणतीच युक्ती लागू पडत नाही. जीपॉनमध्ये एका मुख्य तारेतून सुमारे २.५ जीबीपीएस येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. रात्री नऊला सगळे एकाच वेळी सामना पाहू लागले आणि सेवादात्याने पुढची जोडणी तोकडी ठेवली असेल, तर तुमच्या लॅपटॉपवर काहीही केले तरी फरक पडणार नाही. कुळागरात झरच आटली तर पाट रुंद करून माडींना (पोफळींना) पाणी पोचत नाही. म्हणून टेस्ट सकाळी सहाला एकदा आणि रात्री नऊला एकदा, दोन्ही वेळा केबलने घ्या. फरक मोठा असेल तर तक्रार करताना ते दोन आकडे हातात ठेवा.

राहिला वायफायचा प्रश्न. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर चिऱ्यातून कशीबशी जाते, ५ ची तेवढीही जात नाही, आणि लोखंडी कपाट तर दोन्हींना अडवते. राउटर आधी कपाटामागून काढून उंचावर ठेवा. मागे ॲल्युमिनियमचा कागद लावायची जी युक्ती सांगतात, तिने लहर एका बाजूला वळते एवढे खरे, पण ती दुसऱ्या बाजूची काढून घेतलेली असते. दुसऱ्या भिंतीतून पार जायचे बळ त्याने येत नाही. स्वस्त रिपीटरही घेऊ नका. एकाच वाहिनीवर ऐकायचे आणि तेच पुन्हा बोलायचे असल्यामुळे त्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. राजांगणाच्या पागोळीखालून पाइपात घालून एक केबल पलीकडे न्या आणि खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारी पेटी, ठेवा. पाइप हवाच, नाहीतर उंदीर महिनाभरात केबल खातात. आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की राउटरचा प्लग काढा. काचेतून वीज येत नाही, पण प्लगमधून आणि तांब्याच्या केबलमधून येते; ऑक्टोबरात मी बदललेले बहुतेक राउटर असेच गेलेले असतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर: पानोपानी, बांदोडे

सर्वांचे मनापासून आभार. ऑटोट्यूनिंगच्या ओळीत "डिसेबल्ड" असेच लिहिलेले सापडले. ते नॉर्मल करून ५४० एमबीची तीच फाइल पुन्हा उतरवली. कालपर्यंत जिला एकवीस मिनिटे लागत होती ती सव्वा मिनिटात आली. मी दोनदा तपासले, कारण फाइल अर्धवट आली असावी असेच मला वाटले. बूस्टर काढला आहे आणि आयपीव्ही ६ चालू केले आहे. राउटर कपाटाच्या मागून काढून वर ठेवल्यावर कामाच्या खोलीत ३० च्या आसपास मिळू लागले. सकाळी सहाला ९४ आणि रात्री नऊला ९१, म्हणजे आमच्या गावातली झर अजून आटलेली नाही.

आवाज तुटण्याचे काय? तो आजही तुटला. आणि ३०० ची योजना घ्यावी का?

उत्तर: आकडेमोड, पणजी

साडेसातला घरातले बाकीचे लोक काय करत असतात ते पाहा. माझा अंदाज असा की कोणीतरी बाहेरून येते, त्यांचा फोन घरच्या वायफायला लागतो आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ वर चढवू लागतो. वर जाणारी वाट त्याने भरते. राउटर जादा तुकडे फेकून न देता रांगेत उभे करतो, आणि तुमचा आवाज त्या रांगेत शेवटी उभा राहतो. वेग भरपूर असूनही आवाज तुटण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. फोटोंची साठवण रात्री होईल अशी व्यवस्था करा. लॅपटॉपवरही विंडोज अपडेटच्या "डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन"मध्ये जाऊन इतर संगणकांशी देवाणघेवाण बंद करा, नाहीतर तुमचा लॅपटॉप अनोळखी संगणकांना अपडेट वाटत बसू शकतो.

३०० ची योजना सध्या घेऊ नका, आणि इथे ९४ चा मुद्दा येतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टवरून जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला तारेवर १,५३८ बाइटांची जागा लागते आणि त्यात तुमची स्वतःची माहिती १,४६० पेक्षा जास्त मावत नाही. बाकीचे पत्ते आणि वेष्टन. म्हणून अशा पोर्टवर ९४-९५ हीच कमाल दिसते. तुमच्या राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्ट १०० चे असेल, किंवा केबलच्या आठांपैकी चारच तारा धड असतील, तर योजना ३०० ची घेतली तरी टेस्ट ९४ च दाखवेल. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा: तिथे १०० लिहिलेले असेल तर आधी ते सुटले पाहिजे.

प्रश्नकर्तीचे उत्तर: पानोपानी, बांदोडे

यजमानांचा फोन होता. ते साडेसातलाच येतात, आणि ते मोजमापाच्या कामावर असल्यामुळे रोज साठ-सत्तर फोटो काढतात. साठवण रात्री दोनची करून दिली. कालची आणि आजची दोन्ही बोलणी न तुटता झाली. लिंक स्पीड १०० आहे, तेव्हा योजनेचा विषय बंद. आता पागोळीखालून केबल घालायची म्हणते. माप घेतले तर बावीस मीटर भरली. फोंड्यातला दुकानदार कॅट ८ घ्या म्हणतो, वेग जास्त मिळतो म्हणे.

उत्तर: दुरुस्तीवाला, म्हापसा

ताई, कॅट ५ई ची केबल १ जीबीपीएस शंभर मीटरपर्यंत नेते, आणि तुमची बावीसच मीटर आहे. कॅट ६ घेतली तरी चालेल, फरक थोड्याच रुपयांचा असतो. कॅट ८ ही डेटा सेंटरमधल्या छोट्या अंतरांसाठी आहे. ती जाड आणि ताठ असते, पागोळीखालच्या वळणावर तुम्हालाच त्रास देईल. मात्र केबल पूर्ण तांब्याचीच मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली पुष्कळ मिळते आणि ती सांध्याजवळ लवकर तुटते. दुकानातच एक तार सोलून तिचे टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरा रंग दिसला तर ती गुंडाळी तिथेच परत ठेवा.